कानातल्या शिट्टीचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की माझा सिंथेसायझर बेसूर व्हायला लागतो. सकाळी लावलेला सा दुपारी जागेवर सापडत नाही. यंत्र जुन्या पद्धतीचं आहे. आतल्या सर्किटांतून वीज थरथरत जाते आणि त्या थरथरण्याचा स्वर होतो. खोली तापली की ते थरथरणंही बदलतं. नागपुरातली माझी खोली थेट गच्चीखाली, त्यामुळे दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी बटण फिरवून स्वर परत आणते, उठून माठातलं पाणी पिते, येऊन बसते तोवर तो पुन्हा निसटलेला असतो. दर वर्षी मी ह्या यंत्रावर चिडते. आणि चिडले की गडचिरोलीतला तो उन्हाळा अंगावर येतो. तेव्हा आई, बाबा आणि मी, तिघंही चिडलेले होतो, आणि प्रत्येकाच्या चिडण्याचं कारण आवाज होता.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करत होते. जाहिराती आणि लहान फिल्मसाठी आवाज तयार करायचे. दाराची करकर, पोटातली गुरगुर, कुणी न पाहिलेल्या ग्रहावरचा वारा. स्टुडिओच्या मालकांनी जागा सोडली आणि माझं काम थांबलं. मी माझी यंत्रं गोधडीत गुंडाळून घरी घेऊन आले. नागपूरहून गडचिरोलीच्या एसटीत सगळा रस्ता सिंथेसायझर मांडीवर धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ह्याच्यात का आहे?"

"बाजा आहे."

"मंग वाजवत वाजवत चाला ना," तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला. ब्रह्मपुरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची पानं गळून नुसते दांडे उभे होते. त्यांच्यामधून पळसाचे शेवटचे केशरी ठिपके दिसत होते. मोहाचा वास खिडकीतून आत येत होता. मला वाटलं, आता महिनाभर निवांत बसून हवे ते आवाज शोधू. कुणी घाई करणार नाही, कुणी जाहिरातीत साबणाचं नाव घुसवायला सांगणार नाही.

समोरच्या खोलीत टेबल लावून मी सगळं मांडलं. मधे सिंथेसायझर, पेटीएवढा, वर बटणांची गर्दी. त्याच्या शेजारी ढोलापासून झांजेपर्यंतचे ठोके देणारी चौकोनी ड्रम मशीन. खाली फरशीवर पायानं दाबायची पेडल्स. त्यातलं एक आवाज लांबवतं, एक घुमवतं, एक फाडून टाकतं. सगळ्यांना जोडणाऱ्या वायरींचं जाळं पाहून आई दारातच थांबली.

"इथं झाडू कसा माराचा आता?" तिचा पहिला प्रश्न.

पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या घराच्या विजेत घरघर आहे. काहीही न वाजवता नुसती बटणं चालू केली तरी स्पीकरमधून एक जाडसर गुणगुण यायची. वायरी बदलल्या, प्लग उलटे लावले, स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून आणली. गुणगुण तशीच. त्यात दुपारी वीज जायची. तासभर बसून एखादा नाजूक आवाज जमवावा, शेवटचं बटण केसभर फिरवावं आणि सगळं काळं व्हावं. ह्या यंत्राला स्मरण नाही. वीज परत आली तरी तो आवाज परत येत नाही, नव्यानं शोधावा लागतो आणि दुसरंच काहीतरी सापडतं. मी हताश होऊन कपाळावर हात मारून घ्यायची आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गेली का लाइन?" जणू मला दिसलं नसेल.

बाबा ह्या सगळ्यापासून लांब, पडवीत लाकडी खुर्चीवर बसलेले असायचे. बाबांची आणि मोठ्या काकांची मिळून गावाबाहेर लाकूड कापायची आरामशीन होती. माझं सगळं लहानपण त्या आऱ्याच्या आवाजात गेलं. साग कापताना आरा गोल, भरल्या गळ्यानं गायचा. ऐनाचं लाकूड कापताना किंचाळायचा. बाबा दिवसभर त्याच्या शेजारी उभे राहायचे, कानात फार तर कापसाचा बोळा. काका गेल्यावर आरामशीन बंद झाली, आणि त्यानंतर बाबांचं बोलणंही हळूहळू बंद होत गेलं. कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. पण ते नुसते कमी ऐकत नव्हते, ते तुटक झाले होते. हाक मारली की दचकायचे. लग्नाकार्यात मांडवात बसायचे नाहीत. आई बोलायला लागली की चेहरा आक्रसून घ्यायचे, आणि तिला वाटायचं हा आपला कंटाळा आहे.

"अवो, ऐकून राह्यले का? की मी भिंतीशी बोलून राह्यली?"

"ऐकलं. साऱ्या आळीनं ऐकलं."

असा त्यांचा संसार चालला होता. सगळ्यात मोठं भांडण पंख्याचं. बाबांना बाराही महिने डोक्यावर पंखा लागायचा, थंडीत सुद्धा. आई दोन चादरी घेऊन कुडकुडत झोपायची आणि सकाळी पहिला शब्द त्यावरूनच निघायचा. पंखा बंद केला की बाबा उठून तो पुन्हा लावायचे. का, ते सांगायचे नाहीत.

मग एके दिवशी सकाळी मी फिल्टरचं बटण फिरवत होते. फिल्टर म्हणजे आवाजातला काही भाग गाळून टाकणारी चाळणी. पण एका टोकाला नेलं की ही चाळणी स्वतःच शिट्टी घालू लागते. बारीक, सरळ, कुठूनही सुरू न झालेली आणि कुठेही न संपणारी. मी ती वर-खाली नेत बसले होते. बाबा पडवीतून उठून आत आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते.

"हा आवाज कुठून काढला?"

"ह्या बटणातून. काऊन?"

ते स्पीकरजवळ वाकले. "असाच एक माह्या कानात आहे. हाच नाई. पण ह्याच्याच जातीचा."

मी शिट्टी बंद केली. "कधीपासून?"

"मशीन होती तेव्हापासून. आधी रविवारी, मशीन बंद असली की, येत नोता. मंग रविवारीही याले लागला."

"आत्ता आहे?"

"आत्ता तं आहेच. पंखा बंद केला ना तू तुह्या बाज्यासाठी."

पंखा का लागतो ते त्या एका वाक्यात कळलं. पंख्याच्या घरघरीखाली ती शिट्टी थोडी बुजते. इतकंच होतं ते. इतक्या वर्षांची भांडणं, इतक्या चादरी.

आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "हाव, म्हणतात कधी कधी, कानात वाजते म्हणून. मले वाटलं बहाणे आहेत. बोलाचं नसलं की कान पुढं करतात." पूर्वी एकदा बाबांनी नागपूरला डॉक्टरांना दाखवलंही होतं. कानाच्या आतला भाग झिजलाय, ह्यावर गोळी नाही, सवय करून घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. ते सांगताना बाबांचा आवाज चढला. "सवय कशी करू? सवय कराले तो एकदा थांबाले तं पाह्यजे!"

त्या दिवशी मी ठरवलं की हा आवाज आपण काढायचा. जसाच्या तसा. बाबांच्या डोक्याबाहेर, टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा. उपचार वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त तो आईला ऐकवायचा होता. मी तर हेच काम शिकले होते. कुणी न पाहिलेल्या ग्रहावरचा वारा मी दिवसभरात करून दिला होता. घरातल्या माणसाच्या कानातली शिट्टी किती अवघड असेल?

फार अवघड होती. पहिल्या काही दिवसांत मी आवाज काढायची आणि बाबा मान हलवायचे. "बारीक पाह्यजे." मी वर न्यायची. "एवढा साफ नाई." मी त्यात थोडी खरखर मिसळायची. "आता पावसासारखा झाला." खरखर कमी करायची. "आता तं पह्यलेसारखाच झाला." आवाजासाठी आपल्याकडे शब्द किती कमी आहेत हे मला तेव्हा कळलं. चवीला आहेत, रंगाला आहेत, कापडाच्या पोताला सुद्धा आहेत. आवाजासाठी बाप-लेकीजवळ जाड, बारीक, साफ आणि खरबडा एवढंच भांडवल. बाकी सगळं हातवाऱ्यांवर.

त्यात उन्हाळा. कूलर चालू असला की बाबांना त्यांची शिट्टी नीट ऐकू येईना, मग ते कशाशी ताडून पाहणार? कूलर बंद केला की खोली भट्टीसारखी तापायची आणि सिंथेसायझरचा स्वर सरकायचा. बाबा म्हणायचे, "हा, जवळ आला," आणि मी बटणावरून हात काढते न काढते तोच तो आवाज आपसूक खाली घसरायचा. बाबांना वाटायचं मीच फिरवलं.

"आता काऊन बदलवला?"

"मी नाई बदलवला, बाबा. गरमीनं उतरला."

"मंग हे मशीन कोन्या कामाचं? आमचा आरा असा गरमीनं सूर नोता बदलवत."

घामानं बोटं बटणांवरून सटकत होती. स्पीकरमधली ती विजेची गुणगुण खाली चालूच. समोरच्या आवळ्याच्या झाडावर एक किडा भर दुपारी कर्कश ओरडायचा. त्याचा आवाज मला फार जवळचा वाटला म्हणून मी हौसेनं विचारलं, "असा आहे का?" बाबा खिन्न हसले. "किडा थांबते ना वो बाई," एवढंच म्हणाले.

शेजारच्या शालूकाकू एकदा वाटीभर आंबिल घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. "पोरीचं लग्न नाई, नवकरी नाई, आणि बापाले समोर बसवून शिट्ट्या वाजवून राह्यली," असं त्या आईला जाताना म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण माझे कान चांगले आहेत.

आई दोन्ही बाजूंनी वैतागली होती. एकदा तिनं भर खोलीत विचारलं, "बेमारी का कमी आहे त्यांच्या कानात, की तू बाहेरूनही तीच भरून राह्यली?" त्याच दुपारी बाबाही तडकले. मी सारखं "आता? आता?" विचारत होते. ते ताडकन उठले. "मी दिवसभर ह्याच्यापासून पळतो, आणि तू मले ह्याच्याचकडं पाहाले लावून राह्यली! थकलो मी." आणि ते भर उन्हात, डोक्याला दुपट्टा न बांधता, बाहेर निघून गेले. मी ड्रम मशीनवर रागानं हात आपटला. ती बिचारी आपला ठेका वाजवायला लागली. धड, धड, टक, धड. रिकाम्या खोलीत इतकं मूर्ख वाटलं मला.

त्यानंतर काही दिवस आम्ही त्या विषयावर बोललोच नाही. गावात विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला होता. पहाटे बाया टोळ्यांनी जंगलाकडे जायच्या, उन्हं चढता पानांची गाठोडी घेऊन परतायच्या, आणि अंगणाअंगणात पुडे बांधायचं काम चालायचं. बाबा त्यांच्या बहिणीकडे, माझ्या आत्याकडे, आरमोरीजवळच्या खेड्यात लग्नाला गेले. तिथल्या डीजेच्या दणदणाटानं कानातली शिट्टी आणखी चढली. परतले ते डोकं धरूनच. जेवले नाहीत. पडवीतल्या खुर्चीवर बसले आणि बऱ्याच वेळानं मला हाक मारली.

"प्रणू. ऐनाची गाठ माहीत आहे का तुले?"

मी जवळ जाऊन बसले.

"ऐनाच्या लाकडात गाठ आली की आरा अडकते. पुढं नाई जात, मांगं नाई येत. तिथल्या तिथं चिरकते. एक आवाज लाकडाचा, एक लोखंडाचा, आणि दोघं एकमेकाले घासून राह्यतात. तसा आहे. जाता-येता लग्नाच्या गाडीत मी हाच विचार करून राह्यलो होतो, पोरीले कसं सांगावं."

मी इतके दिवस एक आवाज शोधत होते. ते दोन होते.

दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी, खोली तापायच्या आत, आम्ही बसलो. फिल्टरची शिट्टी मी एकीकडे ठेवली. दुसरा आवाज सिंथेसायझरमधून निघेना, म्हणून ड्रम मशीनमधली छोटी झांज घेतली. नुसती च्च एवढीच वाजणारी. ती आवाज लांबवणाऱ्या पेडलमध्ये घातली आणि पेडलचं बटण असं फिरवलं की तिचा प्रतिध्वनी विझायच्या आत पुन्हा त्याच्याच पोटात जाऊन पडावा. थोड्या वेळात त्या च्चचे ठोके एकमेकांत विरघळले आणि एक लांबलचक धातूचा पत्रा थरथरत राहिला. तो मी शिट्टीच्या अगदी जवळ नेला. दोन्ही स्वर एकमेकांना घासायला लागले. माझ्या दातांत कळ आली.

बाबांनी हात वर केला. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता हात वर.

"हाच."

"नक्की?"

"आता कुठी तुह्या डब्ब्यातला संपते आणि कुठी माह्या कानातला सुरू होते, समजून नाई राह्यलं मले."

मी तिथूनच आईला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन आली. मी आवाज वाढवला, बाबांनी खुणेनं सांगितला तितका. आई दारात उभी राहिली. आधी तिनं कपाळाला आठ्या घातल्या, मग कणकेचेच हात कानांवर नेले. मी बंद केलं नाही. बाबा तिच्याकडे पाहत होते. ती पण त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी दुखण्याचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

"बंद कर वो माय," ती शेवटी ओरडली. "बंद कर!"

मी बटण दाबलं. खोली एकदम रिकामी झाली. आईनं सुटकेचा मोठा श्वास घेतला, आणि तो अर्धाच राहिला. तिनं बाबांना विचारलं, "तुमचा?"

बाबा ताठ बसले होते, डोळे मोठे करून, जणू कुणीतरी पाठीमागून येतंय. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही दोघी हललो नाही. बाहेर तेंदूची पानं एकमेकांवर ठेवल्याची चापट ऐकू येत होती. कुणीतरी बादली ठेवली. एक कोंबडी.

"थांबला," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "कोंबडी आहे ना ती?"

चार-पाच श्वास. जास्तीत जास्त. मग त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी नुसती मान हलवली. आम्हाला कळलं, तो परत आला.

पुढचा सगळा उन्हाळा मी त्या चार-पाच श्वासांच्या मागे लागले. कधी कधी असं होतं, बाहेरचा तसाच आवाज थांबला की आतलाही क्षणभर गप्प बसतो, हे मी नंतर वाचलं. का होतं ते कुणी ठामपणे सांगत नाही. मी तो आवाज फोनमध्ये भरून घेतला, पण फोनच्या स्पीकरवर तो नुसता किरकिरा होऊन गेला. पेडल बदललं, उलट क्रमानं जोडलं. एका सकाळी पुन्हा जमलं, तेव्हा बाबा हसले आणि हसता हसताच शिट्टी परतली. मग कितीतरी दिवस जमलं नाही. मग थोडंसं जमल्यासारखं वाटलं, पण बाबा मला बरं वाटावं म्हणून हो म्हणत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आणि यंत्राचा, उन्हाचा, स्वतःच्या बोटांचाही. जे एकदा अचानक हाताला लागलं ते पुन्हा हाताला का लागू नये?

जूनच्या सुरुवातीला मला नागपुरात काम मिळालं आणि मी यंत्रं पुन्हा गोधडीत गुंडाळली. बाबा एसटी स्टँडवर सोडायला आले. "तुह्यानं झालं ते कमी नाई," असं काहीतरी म्हणाले. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. एखाद्याला दार उघडून बाहेरचं अंगण दाखवावं आणि लगेच दार लावून घ्यावं, असं मी केलं की काय, ह्या विचारानं मी तेव्हापासून अधूनमधून त्रस्त होते.

पंख्यावरून त्यांच्यात आता भांडण होत नाही. पहिल्याच हिवाळ्यात आईनं स्वतःसाठी एक जाड कानटोपी विणून घेतली, आणि ती घालून ती पंख्याखाली झोपते. मी घरी गेले की ही यंत्रं नेत नाही. बाबा विचारत नाहीत, मीही विषय काढत नाही. इथे मात्र मी अजून शोधते. कामाच्या मधल्या वेळात, दार लावून, कूलर बंद करून. शिट्टी एकीकडे, झांजेचा पत्रा दुसरीकडे. कधी ते दोन्ही एकमेकांना घासतात, कधी नाही. आणि जमलं तरी सांगणार कोण? ज्याच्या कानाशी ताडून पाहायचं तो कान इथे नाही.

परवा, यंत्रावर चिडून चिडून थकल्यावर, मी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"बाबा कुठी आहेत?"

"पडवीत आहेत." तिनं आवाज एकदम खाली आणला. "आज त्यांले नाई देत फोन. आज कानातला मोठा आहे. सकाळपासून."

"सांगितलं का त्यांनी?"

"ते कायले सांगतात? तोंड पाह्यलं ना मी." मग फोनवर थोडी खुडबुड झाली, पाट घसरल्याचा आवाज आला, आणि तिनं जवळजवळ पुटपुटत सांगितलं, "संध्याकाळी कर. आता ठेवते मी. त्यांच्याजवळ बसाचं आहे."